मनगट दुखावलंय, तरी ताकद टिकवायची: प्लास्टरपासून दंडापर्यंतचा क्रम

मनगटाला मोठी दुखापत बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने होते. तोल जातो, माणूस सावरायला हात पुढे टाकतो आणि सगळं वजन मागे वाकलेल्या तळव्यावर येतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा निसरडा बांध असो, ओली मोरी असो, केळीच्या बागेत पायात आलेली ठिबकची नळी असो की घसरलेली मोटारसायकल, हाताचा कोन तोच असतो. व्यायामाकडे परत जातानाही हा कोन सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी करण्यासारखं भरपूर आहे आणि त्यातलं बरंचसं पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सुरू करता येतं.

पायरी १: नक्की काय झालंय ते कळू द्या

पडल्यावर लगेच अंगठ्या, बांगड्या, कडं, घड्याळ काढा. सूज चढल्यावर ते निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं ठेवा. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. तेल लावून चोळू नका, ओढू नका, 'सरकलेलं बसवून' घेऊ नका.

हाडवैद्याकडे जाण्याची पद्धत आपल्याकडे गावोगाव आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो: एक्स-रे निघण्याआधी बांबूच्या कामट्या घट्ट बांधून घेणं धोक्याचं आहे. बांधलेल्या हाताची सूज आत वाढत गेली की स्नायूंचं रक्त तुटतं आणि काही तासांत हात कायमचा निकामी होऊ शकतो. बोटं निळी-पांढरी किंवा गार पडणं, बधिर होणं, दुसऱ्याने बोट सरळ केलं तरी जीव जाईल अशी कळ येणं, गोळी घेऊनही दुखणं वाढत जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. बांधलेलं डॉक्टरांचं प्लास्टर असलं तरी नियम हाच.

मनगट वेडंवाकडं दिसत असेल तर शंकेला जागाच नाही. फसवतं ते न दिसणारं फ्रॅक्चर. मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड सगळ्यात जास्त वेळा मोडतं. अंगठा वर ताणून धरा. त्याच्या मुळाशी, दोन शिरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये एक खळगा दिसेल. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड मोडलंय असं धरूनच चालायचं. पहिला एक्स-रे साफ आला तरीही. ही चीर पहिल्या दिवशी फिल्मवर बऱ्याचदा उमटत नाही, म्हणून डॉक्टर हात अंगठ्यासकट बांधून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फिल्म काढायला सांगतात. या हाडाला रक्त उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकाकडून येतं. मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहू शकतो आणि हाड उशिरा जुळतं किंवा जुळतच नाही. 'मुरगळलंय, होईल बरं' म्हणून व्यायाम चालू ठेवणाऱ्यांचं मनगट पुढे कायमचं दुखरं होतं ते बहुधा यामुळे.

न पडताच मनगट दुखू लागलं असेल तर प्रकार वेगळा. कापूस वेचणीच्या दिवसांत अंगठ्याच्या मुळाशी कळ येणं हे शिरांच्या आवरणाला सूज आल्याने होतं. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता मोठी. दोन्हीत हाताला विश्रांती आणि मनगट सरळ ठेवणारा पट्टा हा पहिला उपाय. असा त्रास असणाऱ्यांनी पुढे दिलेल्या ताकदीच्या पायऱ्या सूज उतरल्यावर, डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

पायरी २: हात बांधलेला असताना

मनगटाजवळचं मोठं हाड मोडलं असेल तर प्लास्टर साधारण सहा आठवडे राहतं. स्कॅफॉइडला त्याहून जास्त लागतं, कधी बारा आठवड्यांपर्यंत. धातूची पट्टी टाकून ऑपरेशन झालं असेल तर सर्जन बरेचदा पहिल्या पंधरवड्यातच मनगट हलवायला लावतात; तिथे त्यांचाच शब्द अखेरचा.

या काळात मनगटाला काम नाही, पण बोटं, कोपर आणि खांदा यांना रोजचं काम आहे. बोटं पूर्ण उघडायची, मग आधी वरची पेरं वाकवून नखं तळव्याकडे आणायची, मग पूर्ण मूठ. अंगठा बांधलेला नसेल तर तो करंगळीच्या मुळापर्यंत न्यायचा. दर जाग्या तासाला दहा वेळा. कोपर पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकवायचं. हात झोळीतून काढून दिवसातून तीन-चार वेळा कानाशेजारून वर न्यायचा. हे टाळलं की मनगट जुळतं पण खांदा धरतो. वयस्कर माणसांत तर आखडलेला खांदा मूळ दुखण्यापेक्षा जास्त महिने पिडतो.

आता उरलेलं शरीर. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, हा क्रम पुरे:

१. बैठका: दुखरा हात छातीशी धरून, १० च्या तीन फेऱ्या. पहिलवानी बैठकीतला हाताचा झोका नको. साठीच्या पुढे असाल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं.
२. सेतुबंधासनासारखं कंबर उचलणं, १२ च्या तीन फेऱ्या. सोपं वाटलं की एका पायावर.
३. भिंतीला पाठ टेकून, मांड्या जमिनीला समांतर ठेवून बसणं, २० ते ४० सेकंद, तीन वेळा.
४. पायऱ्यांवर चढ-उतार, प्रत्येक पायाने १०. चांगल्या हाताच्या बाजूला कठडा हवा.
५. पोटासाठी: पाठीवर झोपून गुडघे नव्वद अंशांत वर, कंबर जमिनीला चिकटलेली, एकेक टाच हळू खाली टेकवून परत वर. दोन्ही बाजूंनी ८.
६. चांगल्या हाताने वजन.

जमिनीवरचे प्रकार करताना खरी चूक व्यायामात होत नाही, उठताना होते. सवयीने दोन्ही तळवे टेकले जातात. म्हणून सुरुवातीला ते टणक खाटेवर करा, किंवा चांगल्या कुशीवर वळून त्याच कोपरावर उठायचं पाठ करून घ्या.

शेवटच्या दोन आवर्तनांना जोर लागला पाहिजे. पंधरा बैठका गप्पा मारत होत असतील तर ताकद टिकत नाही. वजन वाढवायला शाळेच्या दप्तरात ज्वारी भरा: आधी ३ किलो, मग ५. दप्तर ओट्यावर ठेवून त्यात खांदे घाला, नाहीतर घरच्यांना अडकवायला सांगा. एका हाताने उचलून पाठीवर फेकायला गेलात तर दुसरा हात आपोआप मदतीला येतो.

चांगल्या हाताच्या व्यायामाला बरेच जण नको म्हणतात, 'एकच दंड फुगेल' म्हणून. उलट तो करायलाच हवा. एका हाताला ताकदीचा सराव दिला की दुसऱ्या, न वापरलेल्या हाताचीही ताकद काही प्रमाणात वाढते किंवा निदान कमी घटते. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्येच हे नोंदवलं होतं. हा परिणाम स्नायूंपेक्षा मेंदू आणि मज्जातंतूंमधून येतो. पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे साधारण पाच किलो. तो कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून बरगडीपर्यंत ओढायचा, १० च्या तीन फेऱ्या. मग दंडाच्या स्नायूंसाठी आणि खांद्यावरून वर नेण्यासाठी हलकी बाटली. याच हाताने मूठ दाबण्याचा आणि मनगट वर-खाली करण्याचा व्यायामही करा. दुखऱ्या मनगटाला त्याचाच फायदा मिळायचा आहे.

काय नको: सूर्यनमस्कार नकोत, त्यातल्या बारांपैकी अर्ध्याअधिक स्थितींत तळवे जमिनीवर असतात. कोपरावरची फळीसुद्धा (प्लँक) प्लास्टर असेपर्यंत नको, कारण प्लास्टरची कड खुपते आणि आतला हात पिळला जातो. जिममध्ये खांद्यावर बार घेऊन बैठक नको, बार धरायला मनगट मागे वाकवावं लागतं. लेग प्रेस, लेग कर्ल, लेग एक्स्टेन्शन चालेल, प्लेटा मात्र दुसऱ्याने लावाव्यात. पुलअपचा बार आणि मनगटाला बांधून वजन उचलण्याचे पट्टे दोन्ही बंद. घरातली स्थिर सायकल चालेल, रस्त्यावरची नाही. मोटारसायकल तर नाहीच: एका हातात क्लच, दुसऱ्यात रेस आणि पुढचा ब्रेक, कुठला हात बांधलेला आहे याने फरक पडत नाही.

धावण्याबाबत आमचं मत कडक आहे. प्लास्टर असताना धावू नका. दर पावलाचा हादरा हाडाला बसतो हे एक, पण मोठी भीती दुसऱ्यांदा पडण्याची आहे. झोळीतल्या हाताने तोल सावरता येत नाही. जळगावात मेहरूण तलावाच्या काठासारखी सपाट जागा निवडून ३० ते ४० मिनिटं जोरात चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही एवढा वेग. शेतातून, बांधावरून, पहाटेच्या अंधारात नको.

उन्हाळा आणि प्लास्टर

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि प्लास्टरच्या आत घाम साचतो. घामाने कातडी भिजते, खाज सुटते, मग लोक कंगव्याची शेपटी किंवा विणायची सुई आत घालतात. तिथे ओरखडा पडला की तो दिसत नाही, औषध लावता येत नाही, आणि पू झाल्यावर वासाने कळतो. खाज आली तर प्लास्टरवर बाहेरून टिचक्या मारा, केस वाळवण्याच्या यंत्राची गार हवा तोंडाशी सोडा. पावडर आत टाकू नका, तिचे गोळे होतात.

व्यायाम सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर रात्री. पंखा थेट हातावर घ्या. साधं पांढरं प्लास्टर पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तोवर त्यावर टेकू नका. फायबरचं तासाभरात कडक होतं, पण आतला कापूस त्याचाही भिजतो. अंघोळीला प्लास्टिकची पिशवी दोनदा गुंडाळून वरच्या कडेला चिकटपट्टी लावा आणि हात उंच धरा. प्लास्टर मऊ पडलं, सैल होऊन फिरू लागलं, घाण वास आला किंवा ताप आला तर तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका.

खाणं

हाड आणि स्नायू दोन्हींना प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम धरा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. तूरडाळ १०० ग्रॅममध्ये साधारण २२ ग्रॅम, शेंगदाणे २५, एक अंडं ६, पाव लिटर दूध ८. आपल्या घरात हे आधीच आहे: उडीद घातलेली कळण्याची भाकरी, तूरडाळीचे फुनके आणि कढी. नुसतं वरणाचं पाणी पिऊन प्रथिनं मिळत नाहीत, डाळ पोटात गेली पाहिजे. तंबाखू, बिडी, गुटखा बंद; निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो.

पन्नाशीनंतर, साधं उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं असेल तर हाडांची घनता तपासून घ्या. विशेषतः पाळी गेलेल्या बायकांनी. ठिसूळ हाडांची पहिली खूण अनेकदा मनगटावरच दिसते आणि पुढचा नंबर खुब्याच्या हाडाचा असू शकतो.

पायरी ३: प्लास्टर सुटल्यावर हालचाल

हात बारीक, खपल्या आलेला आणि लाकडासारखा वाटेल. तसाच असतो. कोमट पाण्याने धुवा, खोबरेल तेल हलकं लावा, पण मालिशवाल्याकडून जोर लावून 'मोकळा' करून घेऊ नका. बोटं चकचकीत, लालसर, सुजलेली राहून आग होत असेल आणि कपड्याचा स्पर्शही नको वाटत असेल तर ते नेहमीचं आखडणं नाही, लवकर दाखवा.

दिवसातून पाच वेळा, प्रत्येकी दहा आवर्तनं, टोकाला पाच सेकंद थांबून:

मनगट टेबलाच्या कडेबाहेर ठेवून वर-खाली. मग तळवा टेबलावर सपाट ठेवून अंगठ्याकडे आणि करंगळीकडे. मग कोपर बरगडीला चिकटवून, नव्वद अंशांत, तळवा वर आणि खाली फिरवणं. या शेवटच्यात फसवणूक होते: कोपर अंगापासून सुटलं की खांदाच फिरतो आणि आपल्याला वाटतं मनगट फिरलं. कोपर आणि बरगडीमध्ये रुमाल धरा. तो पडला तर ते आवर्तन मोजू नका. तळवा पूर्ण वर येणं सर्वांत उशिरा परततं. घास घेणं, प्रसाद घ्यायला ओंजळ करणं त्यावर अवलंबून आहे, तेव्हा यालाच जास्त वेळ द्या.

आधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात ठेवलात तर हालचाल सोपी जाते. प्लास्टर सुटल्याच्या दिवशीच पट्टा फेकून देऊ नका आणि तो दिवसभर घालूनही ठेवू नका. गर्दीत, प्रवासात, झोपेत घाला. घरात बसल्यावर काढा.

दुखण्याचा नियम पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागू आहे. शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंतचं दुखणं चालेल, तेही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. सकाळी सूज किंवा कळ जास्त असेल तर कालचं जास्त झालं. वजन निम्म्यावर आणा. व्यायामाआधी वेदनाशामक गोळी घेतली तर हे माप बिघडतं.

पायरी ४: पकड आणि वजन

डॉक्टरांनी हाड जुळलं म्हटल्यावर. आधी ओला नॅपकिन पिळणं, मऊ चेंडू किंवा कणकेचा गोळा पाच सेकंद दाबणं, दहा वेळा.

वजनाला जिमचे डंबेल घेऊ नका, ते सहसा एकेक किलोने वाढतात आणि या मनगटाला ती उडी मोठी आहे. अर्ध्या लिटरची बाटली घ्या आणि तिच्यात पाव लिटर पाणी भरा. १०० मिलिलिटर वाढवलं की १०० ग्रॅम वाढलं. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा वर करून १२ ते १५ च्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. वर न्यायला एक सेकंद, खाली आणायला तीन. तळवा खाली करून हेच करताना पाणी कमी लागेल, त्या बाजूचे स्नायू मुळातच अशक्त असतात. पंधरा सहज झाले की १०० मिलिलिटर वाढवा.

फिरवण्याच्या ताकदीसाठी लाटणं. मधे धरून दोन्हीकडे फिरवा; सोपं झालं की एका टोकाला धरा. वजन तेच राहतं पण लांबीमुळे ओढ कितीतरी जास्त जाणवते. मग गाई-म्हशीचं दूध काढणं, खलबत्त्यात हलका ठेचा, फडकी पिळणं अशी कामं पाच-पाच मिनिटांनी सुरू करा. हापसा, पूर्ण बादली आणि केळीचा घड अजून लांब आहेत.

पायरी ५: तळव्यावर भार

इथे घाई सगळ्यात जास्त होते. न्हाणीघरातला वजनकाटा ओट्यावर ठेवा, तळवा त्यावर टेकवून कोपर सरळ ठेवून हळूहळू दाबा आणि दुखायला लागण्याआधीचा आकडा वहीत लिहा. चांगल्या हाताचाही लिहा. पहिल्यांदा ५ किलो आला तरी नाराज होऊ नका. १० किलो आरामात आले की भिंतीवरचे दंड: भिंतीपासून दोन फूट, १० च्या तीन फेऱ्या. मग ओट्यावर, मग खाटेच्या उंचीवर, मग गुडघे टेकून, मग पूर्ण दंड. प्रत्येक टप्प्यावर निदान एक आठवडा, आणि त्या आठवड्यात काट्यावरचा आकडा घटला तर खालचा टप्पा.

मूठ वळून किंवा दांड्या धरून दंड काढले की सोपं जातं, पण त्याने वजन कमी होत नाही, फक्त कोन सरळ होतो. कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं हाड भाराचा सुमारे ८० टक्के हिस्सा घेतं आणि पडल्यावर मोडतं तेही बहुधा तेच. म्हणून मनगट मागे वाकत नसेल तर मूठ वापरा, हाड कच्चं असेल तर तीही नको.

भाकरी थापणं याच पायरीवर येतं. परातीत पीठ मळताना मागे वाकलेल्या मनगटावर अंगाचं वजन येतं, थापताना शेकडो छोटे ठोके बसतात. सुरुवातीला मळून दुसऱ्याने द्यावं, तुम्ही एक-दोन भाकरी थापाव्यात. पुरणाचे मांडे हातावर मोठे करून खापरावर टाकणं हे त्याहून अवघड, कारण तिथे मनगट वाकलेलं, फिरतं आणि वजन पेलणारं असं एकाच वेळी असतं. लग्नसराईचं काम घेणाऱ्यांनी त्यासाठी प्लास्टर सुटल्यापासून तीन महिने तरी हातात ठेवावेत.

पोलीस भरतीच्या मुलामुलींसाठी: १६०० किंवा ८०० मीटरचा सराव प्लास्टर सुटून हाड जुळल्याचं सांगितल्यावर सपाट मैदानावर सुरू करा, गोळा मात्र शेवटी. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. मानेशी धरताना मनगट पूर्ण मागे वाकतं आणि सुटताना झटका बसतो. जमिनीवर दहा दंड न दुखता निघत असतील आणि दाबाचा आकडा चांगल्या हाताच्या ९० टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच, आधी निम्म्या वजनाच्या गोळ्याने, जागेवर उभं राहून, दहापेक्षा जास्त फेका नाहीत. दोन आठवडे तसे गेले की पूर्ण वजन.

काट्यावरचा आकडा दोन-तीन आठवडे एकाच जागी अडला, किंवा मनगट फिरवताना करंगळीच्या बाजूला कट असा आवाज होऊन दुखत असेल, तर वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. कुठल्या कोनात, किती किलोला, कितव्या आवर्तनाला दुखतं हे सांगता आलं तर पहिल्याच भेटीत काम होतं.